पाच फूट पाच इंच

पोलीस भरतीची जाहिरात आली की डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर पहाटेच हालचाल सुरू होते. कोणी महामार्गाच्या कडेने पळतो, कोणी चिकूच्या वाडीच्या कुंपणालगत, तर कोणी भरती ओसरल्यावर किनाऱ्याच्या ओल्या वाळूत. धावण्यात या पोरांचा हात धरणारे फार थोडे. डोंगर चढणे, जळाऊ लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन मैलोगणती चालणे, ताडाच्या सरळसोट खोडावर पाय रोवून शेंड्यापर्यंत जाणे, हे ज्यांच्या घरचे नित्याचे जिणे, त्यांना मैदानावरची शर्यत ती काय? ती पोरे अडतात दुसरीकडेच. भिंतीला पाठ, टाचा जमिनीला आणि डोक्यावर आडवी पट्टी. पुरुष उमेदवाराला १६५ सेंटिमीटरची अट आहे. त्याहून एक सेंटिमीटर कमी भरला तर तो किती पळतो, किती सोसतो, हे विचारायला कोणी थांबत नाही.

१६५ सेंटिमीटर म्हणजे पाच फूट पाच इंच. हा आकडा मराठी माणसाने जरा निरखून पाहावा असा आहे. कारण स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक ज्याने मिळवून दिले, त्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा दादासाहेब जाधवांची उंची एवढीच होती. पुढे ते पोलीस खात्यातच नोकरीला लागले. आजची पट्टी त्यांच्या डोक्यावर ठेवली असती तर ते जेमतेम उत्तीर्ण झाले असते. नुकतेच केस भादरून आले असते तर काय झाले असते, ते सांगता येत नाही!

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे तांबड्या मातीची ओळख वयाच्या पाच-सहाव्या वर्षीच झाली. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाले, पुढे कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना आसरा देण्याचे कामही या मुलाने केले. पण अंगकाठीकडे पाहिले तर पैलवान म्हणून कोणी दुसऱ्यांदा वळून पाहू नये, अशीच होती. कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत नाव नोंदवायला गेलेल्या या किरकोळ पोराला आधी कोणी मनावर घेतले नव्हते, असे सांगतात. नाव नोंदवून घ्यावे लागले आणि मग त्याने एकामागून एक आडदांड गडी पाठीवर पाडले.

यात नवल वाटण्याचे कारण आपल्या कुस्तीच्या कल्पनेत आहे. पैलवान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो भरदार देह: मांड्या खांबासारख्या, मान खांद्यात रुतलेली, फेट्याचा तुरा आणि चालण्यात हत्तीचा डौल. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. त्या काळापासून आजतागायत हलगीचा ताल चढतो तो शेवटच्या मोठ्या जोडीसाठी. १९६१ साली सुरू झालेल्या 'महाराष्ट्र केसरी'ची चांदीची गदा ज्याच्या खांद्यावर जाते, तो मोठ्या वजनाचाच मल्ल असतो. त्याच अधिवेशनात ५७ किलोचा, ६१ किलोचा पोरगाही सुवर्णपदक मिळवतो. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे नाव शोधायला भिंग लागते. गावच्या जत्रेत लहान वजनाच्या कुस्त्या दुपारी, प्रेक्षक जमायच्या आत उरकून घेतात. आपण कुस्तीचे भक्त आहोत खरे, पण आपली भक्ती बरीचशी देहाच्या आकाराला वाहिलेली आहे.

ऑलिंपिकने या भक्तीला एक साधा तोडगा काढून ठेवला आहे, तो म्हणजे तराजू. समान वजनाचे समान वजनाशी लढतील, एवढाच तो नियम. त्या नियमामुळे लहान चणीच्या माणसाला कोणाचे उपकार न घेता जगज्जेता होता येते. खाशाबा १९४८ साली लंडनला गेले ते फ्लायवेट, म्हणजे ५२ किलो गटात. कोल्हापूरच्या महाराजांनी जाण्याचा खर्च उचलला होता. तोवर त्यांचे पाय मातीचे. तेथे गादी होती आणि नियमही निराळे होते. पाठ लावली की कुस्ती संपली, एवढेच ज्याला ठाऊक, त्याला आता गुणांचा हिशेब शिकायचा होता. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाकडून त्यांनी थोड्या दिवसांत जमेल तेवढे शिकून घेतले. तरीही ते जगात सहावे आले. मातीवरच्या पोराने पहिल्याच खेपेस एवढी मजल मारली, याचे कौतुक परदेशी जाणकारांनाही वाटले.

यामागे ताकद होती, पण ती शेवटी. आधी होता तो डाव. मोठ्या देहाच्या मल्लाला एक सोय असते. डाव चुकला तरी वजन त्याला सावरून घेते. लहान मल्लाला ती चैन नाही. त्याचा पाय अर्धा क्षण उशिरा पडला की तो संपला. म्हणून तो जास्त डाव शिकतो, प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याची हालचाल आधी वाचतो, चपळाईने बगलेत शिरतो. खाशाबांचा हुकमी डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याचे डोके कवेत धरायचे, त्याचा तोल आपल्याकडे ओढून घ्यायचा आणि त्याला त्याच्याच वजनासकट जमिनीवर आदळायचे. यात दुसऱ्याचा भारच त्याच्यावर उलटवलेला असतो. लहान माणसाने मोठ्या माणसाला पाडण्याची सारी विद्या या एका डावात आली.

हेलसिंकीचा रस्ता मात्र कोणत्याही डावापेक्षा अवघड निघाला. निवडीच्या वेळी एका गुणाच्या वादात खाशाबांना डावलले गेले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली आणि त्यांनी निरंजन दासला हरवून आपली जागा मिळवली. मग प्रश्न आला पैशांचा. सरकारदरबारी हात पसरून फारसे काही हाती लागले नाही. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. गावोगावच्या लोकांनी, दुकानदारांनी ऐपतीप्रमाणे भर घातली. एका विद्यार्थ्याच्या कुस्तीपायी स्वतःचे छप्पर गहाण ठेवणारा प्राचार्य आज कोणत्या विद्यापीठात सापडेल, हा प्रश्न येथे विचारला नाही तर बरे.

जुलै १९५२. या वेळी खाशाबा बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटात उतरले होते. कॅनडाचा, मेक्सिकोचा, जर्मनीचा असे तीन मल्ल त्यांनी हरवले. पुढे जपानच्या शोहाची इशीईशी गाठ पडली. ती कुस्ती लांबली आणि खाशाबांच्या हातून निसटली. त्यानंतरची हकिगत कोल्हापुरात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. दमलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्हशी लढायला उभे करण्यात आले. दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. पण तो नियम पंचांपुढे मांडायला आपल्या पथकातला एकही अधिकारी जागेवर नव्हता. परभाषेच्या मुलखात तो एकटा पोरगा कोणाशी आणि काय भांडणार? तो लढला आणि हरला. इशीईने सुवर्ण नेले, मामेदबेकोव्हने रौप्य आणि खाशाबांच्या वाट्याला ब्राँझ आले. त्यांच्याबरोबर गेलेले कोल्हापूरचेच केशव माणगावे ६२ किलो गटात चौथे आले; त्यांचे नाव तर आज कुस्तीच्या जाणकारांखेरीज कोणाला आठवतही नाही.

इशीईचे ते सुवर्ण त्या वर्षी जपानला मिळालेले एकमेव सुवर्णपदक होते. हा इशीई मूळचा ज्यूडोचा खेळाडू. महायुद्धानंतर ताबेदार सैन्याने ज्यूडोवर बंदी घातली म्हणून तो कुस्तीकडे वळला. युद्धात कंबर मोडलेल्या त्या देशाने लहान वजनाच्या कुस्तीत आपले स्थान ओळखले आणि पुढची अनेक दशके त्या गटांत पदके मिळवली. त्याच जपानमध्ये कुस्तीचा आणखी एक, त्याहून कितीतरी जुना प्रकार नांदतो. तो सुमो. आणि लहान चणीच्या मल्लाची खरी परीक्षा पाहायची तर ती तेथेच.

सुमोत तराजू नाही. वजनाचे गट नाहीत. शंभर किलोच्या मल्लासमोर दोनशे किलोचा येतो आणि त्याबद्दल कोणीही तक्रार करत नाही. नव्वदच्या दशकात तेथे माइनोउमी नावाचा एक मल्ल गाजला. त्याची उंची १७१ सेंटिमीटर. सुमोच्या संघाची अट १७३ ची. अवघे दोन सेंटिमीटर! या गड्याने डोक्याच्या कातडीखाली सिलिकॉन भरून घेतले, टाळूवर टेंगूळ आणले आणि तो पट्टीखाली उभा राहिला. १९९० मध्ये तो रिंगणात उतरला. त्याला लोक 'डावांचे दुकान' म्हणत. १९९१ च्या नोव्हेंबरात २०४ सेंटिमीटर उंचीच्या अकेबोनोला, म्हणजे पुढे सुमोचा पहिला परदेशी योकोझुना झालेल्या मल्लाला, त्याने पाडले. एका पायाला आपल्या पायाचा अडसर घातला, दुसरी मांडी हाताने उचलली आणि डोके छातीत खुपसले. कोल्हापूरच्या कोणत्याही वस्तादाने मान डोलवावी असा तो डाव. उत्तम तंत्राचे पारितोषिक त्याने पाच वेळा मिळवले. पण मोठ्यांशी लढण्याची किंमतही त्याने मोजली. पावणेतीनशे किलोच्या आसपास वजन असलेल्या कोनिशिकीशी १९९६ मध्ये झालेल्या लढतीत त्याचा गुडघा दुखावला. १९९९ मध्ये तो निवृत्त झाला.

या गोष्टीतला बोध माइनोउमीच्या जिद्दीपुरता नाही. पुढे सुमोच्या संघाने आखूड उमेदवारांसाठी निराळी परीक्षा सुरू केली आणि २०२३ मध्ये किमान उंची-वजनाची अटच काढून टाकून त्या जागी शारीरिक क्षमतेची चाचणी आणण्याचे ठरवले. मधल्या काळात १६८ सेंटिमीटरचा आणि शंभर किलोच्याही आतला एन्हो २०१९ मध्ये वरच्या श्रेणीत पोहोचला होता. शतकानुशतकांच्या परंपरेला जपणारी संस्था जर पट्टी बाजूला ठेवू शकते, तर जेथे परंपरेचा प्रश्नच नाही अशा आपल्या कचेऱ्यांना त्या पट्टीचा एवढा मोह का असावा? कोणत्या कामाला किती उंची लागते, याचा विचार करून अट घातली तर ती समजू शकते. पण विचार न करता, वर्षानुवर्षे चालत आली म्हणून घातलेली अट ही केवळ गर्दी कमी करण्याची सोय असते.

खाशाबांकडे परत येऊ. पदक घेऊन ते परतले तेव्हा कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी थोड्या वेळात संपणाऱ्या वाटेला तासन्‌तास लागले. हा सन्मान लोकांचा होता. त्यानंतर खाशाबांनी केलेली पहिली महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुस्त्यांची मैदाने भरवून पैसे उभे केले आणि प्राचार्यांचे घर सोडवले. जेत्याने कर्ज फेडावे आणि राज्याने टाळ्या वाजवाव्यात, असा तो प्रकार. १९५५ मध्ये ते फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीने पुढच्या ऑलिंपिकची वाट बंद केली. सत्तावीस वर्षे नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेच्या मशाल दौडीत त्यांना बोलावले, हाच काय तो मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार आला तो २००१ मध्ये, मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. २०१० मध्ये दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव मिळाले आणि अलीकडे १५ जानेवारी हा राज्याचा क्रीडा दिन ठरला. माणूस हयात असताना त्याच्या अर्जावर शेरे मारायचे आणि तो गेल्यावर त्याच्या नावाच्या पाट्या लावायच्या, ही आपली जुनी रीत.

त्यांच्यानंतर भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडले. अटलांटात लिएंडर पेसने ते मिळवले. कुस्तीतले पुढचे पदक २००८ मध्ये आले. महाराष्ट्राच्या मातीतल्या दुसऱ्या खेळाडूचे वैयक्तिक पदक तर थेट २०२४ मध्ये, पॅरिसला, कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत पटकावले. बहात्तर वर्षांनी! त्याच पॅरिसमध्ये हरियाणाच्या अमन सेहरावतने ५७ किलो गटात ब्राँझ मिळवले. गट तोच, पदक तेच. टोकियोत रवी दहियाने रौप्य मिळवले तेही ५७ किलोतच. म्हणजे या देशाच्या अंगकाठीला हा गट मानवतो, हे खाशाबांनी १९५२ मध्ये दाखवून दिले होते. हरियाणाने ते ऐकले. आपण मात्र गदा कोणाच्या खांद्यावर गेली, याच वादात रमलो. तराजूही निर्दय असतो, हे खरे. त्याच पॅरिसमध्ये विनेश फोगाटला शंभर ग्रॅमने अंतिम फेरी नाकारली. पण तराजूची निर्दयता सर्वांना सारखी असते. पट्टीची तशी नसते. वजन चार दिवसांत उतरवता येते. उंची कोणी आणावी कोठून?

आणि येथे डहाणू-तलासरीचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. लहान चण दोन तऱ्हांची असते, हे विसरून चालणार नाही. एक जन्माची, दुसरी भुकेची. खाशाबांची चण पहिल्या जातीची होती. घरी शेती होती, तालमीचा खुराक होता. ज्या मुलाच्या आईला गरोदरपणी दोन वेळचे पुरेसे मिळाले नाही, ज्याचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा रेतीच्या, मासेमारीच्या कामाला गेले आणि ज्याने आजीच्या मागे फिरत पेजेवर दिवस काढले, त्याची उंची ईश्वराने कमी ठेवलेली नाही. ती आपण कमी ठेवलेली आहे. शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला १९९२ मध्ये बालके दगावली, तेव्हा सारे राज्य हादरले होते. त्यानंतर योजना आल्या. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. पालघर हा स्वतंत्र जिल्हा २०१४ मध्ये झाला. काही घरांत फरकही पडला. पण आधी मुलाला खुजे ठेवायचे आणि तो अठरा वर्षांचा झाला की पट्टी लावून तू खुजा आहेस म्हणून परत पाठवायचे, हा दुहेरी अन्याय अजून संपलेला नाही.

म्हणूनच खाशाबांची कथा 'पाहा, लहान असूनही केले ना!' अशा थाटात या पोरांना ऐकवणे हे अर्धसत्य आहे. जिद्दीच्या गोष्टी सांगून अन्नाचा प्रश्न सुटत नाही. खाशाबांच्या पदकामागे तालीम होती, वस्ताद होता, घर गहाण टाकणारा प्राचार्य होता आणि ऐपतीप्रमाणे पैसे देणारा मुलूख होता. त्यातले काय तलासरीच्या मुलाजवळ आहे? त्याच्या आश्रमशाळेत धावपट्टी आखलेली नसते, कुस्तीची गादी हा शब्द ऐकलेला नसतो, तालुक्याच्या पुढच्या स्पर्धेला जायचे तर एसटीचे भाडे कोणी द्यायचे यावर बेत अडतो. आणि तरीही चपळाई, दम, तोल ही तिन्ही भांडवले त्याच्यापाशी उपजत आहेत. लहान वजनाच्या गटात, मग ती कुस्ती असो, मुष्टियुद्ध असो की ज्यूडो, आणखी काय लागते? एका जाणत्या शिक्षकाला ही गोष्ट एका सकाळीत उमजेल. त्याला तेथे नेमण्याची बुद्धी मात्र कोणाला तरी व्हायला हवी.

या मुलखाला मोठ्यांशी लढण्याचा अनुभव नाही असेही नाही. तलासरीजवळच्या झरी गावी १९४५ च्या मे महिन्यात वारली जमले आणि वेठीला जाणार नाही असे त्यांनी ठरवले. लग्नाच्या कर्जापायी पिढ्यानपिढ्या राबणारा लग्नगडी त्या दिवशी सावकार-जमीनदारांपुढे ताठ उभा राहिला. गोदावरी आणि शामराव परुळेकर तेथे आले, वारल्यांच्या बाजूने बोलले आणि हळूहळू वारली स्वतःच बोलू लागले. लढणारी माणसे तीच होती, अंगापिंडाने तेवढीच होती. बदल एवढाच झाला होता की त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी तरी जागेवर हजर होते.

हेलसिंकीत नेमके हेच नव्हते. खाशाबांची उंची तेथे कमी पडली नाही, ताकद कमी पडली नाही, डावही कमी पडला नाही. कमी पडला तो गादीशेजारी उभा राहून 'या मुलाला अर्धा तास द्या, नियम आहे' असे सांगणारा एक माणूस. सरकारी पथकात तेवढा एक माणूस असता तर त्या पदकाचा रंग कोणता असता, हे सांगणे कठीण. पण डहाणू-तलासरीच्या मैदानावर पहाटे पळणाऱ्या पोरांसाठी असा एक माणूस उभा करणे कठीण नाही. पट्टी लावणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यातला एखादा हात पट्टी खाली ठेवून पाठीवर पडला, तरी पुरे.